पाणक्याचा किल्ला

अबुधाबीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मधू कारखानिसाने एकदा दिवाळीचा किल्ला करायला घेतला होता. नर्सरीतून मातीचं पोतं आणलं, विटा आणल्या, आणि पहिल्याच दिवशी चिखलाचं पाणी खालच्या बाईंच्या धुतलेल्या चादरींवर! वॉचमन वर आला, ‘खलास’ म्हणाला आणि पोतं उचलून घेऊन गेला. तिथंच प्रकरण मिटलं असतं तर बरं झालं असतं. पण मधूच्या डोक्यातून किल्ला काही जाईना.

मग काय, दर हिवाळ्यात कुटुंबाची वरात ओमानच्या सरहद्दीजवळच्या मातीच्या किल्ल्यावर. तिथं जुन्या काळचा मेळा भरायचा. बायका तव्यावर पापडाएवढी पातळ रोटी भाजायच्या, पुरुष हातात काठ्या घेऊन ओळीत नाचायचे, आणि युसुफ नावाचा म्हातारा गवंडी चिखलात पेंढा तुडवून भिंत कशी बांधत ते दाखवायचा. पाहुण्यांनी हात लावावा म्हणून एक बुटकी भिंत तो अर्धवट सोडायचा. मधूचा सगळा जीव त्या भिंतीत.

आणि त्याचा मुलगा नीरव? तो गाडीत. एसी लावून, मांडीवर गेम घेऊन. बोलावलं की एकच उत्तर, “इट्स द सेम फोर्ट, बाबा.” मधूचं डोकं फिरायचं. अरे, आम्ही वाईला दिवाळीच्या आधी आठवडाभर चिखलात लोळायचो, किल्ल्यावर अळीव पेरायचो, हिरवं कधी उगवतंय म्हणून पहाटे उठून बघायचो! हे पुराण पोराला तोंडपाठ झालं होतं. ‘अळीव’पर्यंत आलं की तो आवाज वाढवायचा गेमचा.

यंदा मात्र मधूला घाई होती. जूनमध्ये नीरव पुण्याला होस्टेलला जाणार होता. एकदा गेला की पोरगा पोरगा राहत नाही, पाहुणा होतो. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याचे हात मातीत जावेत, एवढंच मधूचं मागणं होतं. वाटेत तो हे तीनदा बोलला. चौथ्यांदा बोलायला लागला तेव्हा उर्मिलाने, त्याच्या बायकोने, त्याच्या हातात चकलीचा डबा दिला.

आणि नवल म्हणजे, त्या दिवशी नीरव उतरला. कंटाळून का होईना, उतरला. बाह्या वर केल्या, युसुफने दिलेला गोळा घेतला आणि भिंतीवर थापला. मग दुसरा. बुरुजासारखं काहीतरी वाकडंतिकडं उभं राहायला लागलं. त्यात त्याने बोट खुपसून एक भोक पाडलं, आत डोळा लावून बघितलं आणि चक्क हसला.

आता माणसाने गप्प बसावं की नाही? पण छे! बुरूज असा नसतो, खाली रुंद हवा, चिखल जास्त ओला झालाय, हात असा धर, असं मधूचं सुरू झालं. मग त्याने पोराच्या हातातला गोळा काढून घेतला. मग गुडघे टेकून स्वतःच बसला. वाकडा बुरूज सरळ केला, भोक बुजवलं, वरून हात फिरवून गुळगुळीत केलं. युसुफ हिंदीत म्हणाला, बच्चे को करने दो. मधूने ऐकलंच नाही.

नीरव मागे सरला. मग म्हणाला, “इट्स ऑल्वेज युअर फोर्ट, बाबा,” आणि गाडीकडे गेला.

मधू भडकला. म्हणे, बघितलंस? दोन मिनिटं धीर नाही! शिकवायला गेलो तर मीच वाईट! उर्मिलाने सगळं ऐकून घेतलं.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही सूर्यकांतदादा झालात.”

सूर्यकांत म्हणजे मधूचा थोरला भाऊ. वाईचा तो किल्ला सूर्यकांतचा होता. बुरूज त्याचे, मावळे मांडायचे त्याने, अळीवसुद्धा त्यानेच पेरायचा. मधूच्या वाट्याला विहिरीवरून पाणी आणणं. गल्लीत त्याला पाणक्याच म्हणत. किल्ल्याला हात लावला की टाळक्यात टपली. नीरवला सांगितलेल्या गोष्टीत हे कधीच आलं नव्हतं. मधूला इतकी लाज वाटली की त्याला उर्मिलाकडे बघवेना.

त्याने युसुफची पाण्याची बादली उचलली आणि तो तडक गाडीपाशी गेला. काचेवर टकटक केलं.

“चल. पाणी मी आणतो. तू बांध.”

नीरवने काच खाली केली. मधूच्या खांद्यावरून त्याने भिंतीकडे बघितलं. युसुफ थापी पुसत होता. भिंतीवर ओलं गोणपाट टाकलेलं होतं. मेळा आवरत आला होता.

“युसुफ इज डन, बाबा. खलास.”

मधू बादली घेऊन तसाच उभा. तेव्हा त्याचं लक्ष पोराच्या हातांकडे गेलं. मनगटापर्यंत चिखल वाळलेला. पुसला नव्हता, गेमलाही हात लावला नव्हता. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून पोरगा बसला होता.

नीरव खाली उतरला आणि त्याने हात पुढे केले. मधू पाणी घालत राहिला, आणि माती निघून वाळूत जात राहिली.