सव्वापाचशे चुकलं

“बाई, मी जाऊ का जी आता? काट्यावर गाड्या उभ्या हायेत.”

सोमाजी खाटेवर उठून बसला होता. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये तो मापारी होता, म्हणजे धानाची पोती काट्यावर तोलून देणारा. सकाळी थप्पीवरचं पोतं घसरून अंगावर आलं, तो आडवा पडला आणि डाव्या कानाच्या वर काट्याची लोखंडी कड लागली. थोडा वेळ शुद्ध गेली होती. आता तो चांगला बोलत होता आणि माझं डोकं खात होता.

सत्तरच्या दशकाची अखेर. मी सरकारी दवाखान्यात नवीन मेडिकल ऑफिसर. डोक्याच्या माराची एक खोड मला ठाऊक होती. कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटली तर रक्त हळूहळू साठतं. तोवर माणूस बोलतो, चालतो, चहा मागतो. मग सुस्तावतो आणि हातचा जातो. स्कॅनचं यंत्र तेव्हा आमच्या स्वप्नातही नव्हतं. पेशंटला पुन्हा पुन्हा तपासत राहायचं, एवढंच हाती.

कॉलेजात शिकवलेली टेस्ट लावली. “सोमाजी, शंभरातून सात काढा. उरतील त्यातून पुन्हा सात. असं करत जा.”

“कायले?”

“डोकं चालतंय का बघायचंय.”

“सात किलोचं पोतं कुठं रायते, बाई?”

पेशंट पास, टेस्ट नापास. “मग तुम्ही कसं मोजता?”

पोतं पंच्याहत्तर किलोचं. बाकीचे मापारी पोती मोजत, हा सरळ किलो मोजायचा. त्याने डोळे मिटले आणि सूर लावला. “पाऊनशे, दीडशे, सव्वादोनशे, तीनशे. पावनेचारशे, साडेचारशे, सव्वापाचशे, सहाशे. पावनेसातशे, साडेसातशे, सव्वाआठशे, नऊशे...”

ऐकता ऐकता माझ्याही लक्षात आलं. पावणे, साडे, सव्वा, मग पूर्ण शेकडा. दर चार पोत्यांना तीनशे भरायचे आणि तीच चाल पुन्हा सुरू. तो न अडखळता दोन हजारांच्या पुढे गेला. मी थांबवलं म्हणून थांबला. मला तर बरंच झालं. कुठे चुकला तर आता मलाही लगेच कळणार होतं.

मग मी येता-जाता त्याला मोजायला लावू लागले. दुपार कलली तशी चाल मंदावली. “डोस्कं जड होऊन राह्यलं,” म्हणाला. नाव विचारलं, गाव विचारलं, बरोबर. बोटं दाखवली, बरोबर. आकडे मात्र, “पावनेचारशे... साडेचारशे... साडेपाचशे...” आणि तिथेच थांबला. पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच.

मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. “सर, सोमाजीला नागपूरला हलवायला हवं.”

“डोळ्यांच्या बाहुल्या?”

“सारख्या आहेत. शुद्धीवर आहे. नाडी जरा मंदावलीय. आणि सव्वापाचशे चुकतंय.”

“काय चुकतंय?”

मी समजावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते जरा काळजीनेच. मग म्हणाले, “दवाखान्याची जीप शिबिराला गेली आहे, अंधार पडल्यावर येईल. दुसरी गाडी मिळाली तर घेऊन जा. मी अडवत नाही.”

दुसरी गाडी म्हणजे मिलच्या शेठची. ती बाहेर उभी होती आणि शेठ व्हरांड्यात बसले होते.

“अवो बाई, आत्ता तं बोलला माझ्यासंग. उद्या सकाळी पाहू ना. काहून त्याच्या बायकोले भेव दाखवून राहिल्या?”

वाद घालायला वेळ नव्हता, आणि तेवढा संयम माझ्याकडे कधीच नव्हता. “आत या. तुम्हीच त्याला मोजायला सांगा.”

शेठ खाटेशी वाकले. “सोमा, मोज बरं.”

“पावनेचारशे... साडेचारशे... साडेपाचशे...”

शेठचा चेहरा उतरला. गादीवर पेपर वाचता वाचता वर्षानुवर्षं त्यांनी हेच ऐकलं होतं. “हा चुकत नाही, बाई,” ते हळूच म्हणाले. “तापात काट्यावर उभा रायला, तवाबी चुकला नाही.” आणि ड्रायव्हरला हाका मारत अनवाणीच बाहेर पळाले.

मी गाडीत सोबत बसले. भंडारा मागे पडेस्तोवर सोमाजीला उलटी झाली आणि डोळे मिटू लागले. त्याची बायको भागाबाई आणि मी आळीपाळीने त्याला हाका मारत होतो. मी घाबरले होते. तसं दिसू न देण्याचा पगार मला मिळत होता. नागपूरला पोचल्या पोचल्या त्याला ऑपरेशनला घेतलं. कवटीला भोक पाडून रक्ताची गाठ काढली. माणूस वाचला.

काही महिन्यांनी दोघं दवाखान्यात आली. चालणं-बोलणं ठीक होतं. पण शेठने त्याला काट्यावरून काढून फाटकावर बसवलं होतं.

“नऊशेच्या पुढं सारा अंधार होते, बाई,” तो म्हणाला.

मला फार वाईट वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. भागाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच तपासायला हवं.

“मोजाले दुसरा मानूस भेटल,” ती म्हणाली. “हा कुठून भेटला असता?”

तेव्हापासून डोक्याला मार लागलेला कोणी आला, की मी आधी त्याचा धंदा विचारायची. तो काय मोजतो, कसं मोजतो, सगळं. ज्युनियर डॉक्टर म्हणत, बाईंना चौकशा फार.