पितळेच्या पाटीची दुसरी बाजू

पिंपरीपासून चाकणपर्यंतचे सगळे कारखाने उद्या बंद पडले, तरी अचूक माप ही गोष्ट या भागातून नाहीशी होणार नाही, कारण चिखलीच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती सदरा-लेंगा घालून राहते. मी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वरचे काका चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झाले, पण बारीक मापं घ्यायचा त्यांचा व्हर्निअर निवृत्त झाला नाही. तो सदऱ्याच्या खिशातच असे, आणि काकूंची भाकरी एका कडेला जाड झाली तर ती किती जाड झाली हे काका आकड्यात सांगत. काकू म्हणत, "मोजून झालं असंल तर खावा." पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा बसायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, तुमच्या देव्हाऱ्याचं दार दोन सूत खाली हाय." दुसऱ्या दिवशी कानस घेऊन आले आणि दार नीट करून गेले. चहा मात्र निवला म्हणून प्यायले नाहीत.

बीडकडून नोकरीला आलेल्या या माणसाने देहूरोड, थेरगाव, भोसरी असं करत अकरा खोल्या बदलल्या होत्या. करार अकरा महिन्यांचा, मालकाची मर्जी असली तर पुढे. त्या अकराही खोल्यांच्या दारांची रुंदी त्यांना तोंडपाठ होती, कारण लग्नातलं कपाट प्रत्येक दारातून आत न्यायचं आणि पुन्हा बाहेर काढायचं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचं घर घेतलं. ते बघायला गावाहून त्यांची आक्का यायला हवी होती. आईमागे तिनेच त्यांना वाढवलेलं, पण गुडघ्यांमुळे तिला उंबरासुद्धा ओलांडवत नव्हता. म्हणून काकांनी दारावर कॅमेरा बसवला आणि भाच्याने तिकडे तिला टॅबलेट लावून दिला. रोज संध्याकाळी सहाला काका दारात उभे राहून हात वर करणार, आणि आक्का बाजेवरून ते बघणार.

आता माझी चूक सांगतो. मी ब्रॉडबँडची कनेक्शनं देण्याचं काम करतो. इंटरनेटवर प्रत्येक घराला पत्ता लागतो. चार आकडे, मध्ये तीन टिंबं. भाच्याने टॅबलेटमध्ये तोच घातला होता. घरगुती ग्राहकाचा हा पत्ता कायमचा नसतो. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की बहुधा दुसराच मिळतो. काकांनी फॉर्मवर सही करण्याआधी विचारलं होतं, "नंबर बदलत न्हाई ना?" महिनाअखेर होती, माझी दोन कनेक्शनं कमी पडत होती. मी म्हणालो, "नाही हो काका, कायमचा." माणूस सही करतो आणि विसरून जातो, असा माझा अनुभव. काका विसरले नाहीत. भोसरीच्या एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये बसून त्यांनी तो पत्ता पितळेच्या पाटीवर कोरला, टिंबांना बारीक ड्रिल वापरलं, आणि पाटी दाराला लावली. कुरिअरवाला विचारू लागला, "काका, हा कुठला पिन कोड?" मी जिन्याने जाता-येता त्या पाटीकडे बघत नसे.

गुरुवारी वीज गेली. आली तेव्हा पत्ता बदललेला होता आणि आक्काच्या हातात काळी काच. तिचा फोन आला, "काय रे, परत खोली बदलली का?" काका किती समजावत होते, पण खोली बदलल्याचं तिने अकरा वेळा ऐकलेलं होतं. ती रडायला लागली.

काका पाटी उतरवून घेऊन थेट माझ्याकडे आले. मी मान खाली घालून सगळं सांगितलं, की हा आकडा भाड्याचा असतो, आपण सोडला की दुसऱ्याला जातो. त्यांनी शांतपणे विचारलं, "करार किती महिन्याचा?" मी म्हणालो, करार नसतोच. "म्हंजी अकरा महिने बी न्हाईत," ते म्हणाले.

आमच्या कंपनीच्या निगडीच्या मुख्य ऑफिसात आम्ही दोघे गेलो. कायमचा पत्ता फक्त दुकानांना आणि कारखान्यांना, असा नियम होता. साहेबांनी विचारलं, "तुमचं दुकान-बिकान आहे का काही?"

"न्हाई. घर हाय."

"मग घरी कशाला कायमचा पत्ता?"

"साहेब, घरी न्हाई तर कुठं लागतो?"

साहेब नियमांचा कागद चाळू लागले. मला राहवेना. मी म्हणालो, "यांना नंबर बदलत नाही असं मी सांगितलं होतं. बदलतो हे मला माहीत होतं." काकांनी माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात बिघडलेला भाग हातात घेऊन तो भंगारात टाकायचा की घासून सुधारायचा हे ठरवताना बघतात, तसं. मग साहेबांना म्हणाले, "ह्यांना काय बोलू नका. रिजेक्ट न्हाई हा माल, रिवर्क हुईल." साहेब हसले आणि त्यांनी कायमच्या पत्त्याचा फॉर्म पुढे सरकवला.

नवा पत्ता सुरू झाला, भाच्याने तो टॅबलेटमध्ये घातला, आणि त्या दिवशी संध्याकाळी सगळा मजला काकांच्या दारात जमला. तपासल्याशिवाय माल पास करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी मेन स्विच पाडला, पुन्हा लावला, आणि मी मोबाइलवर आकडा वाचला. तोच. पुन्हा पाडला. तोच. असं सात वेळा. चौथ्या वेळेपासून शेजारी टाळ्या वाजवू लागले, आणि सातव्याला काकूंनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. तेवढ्यात आक्काचा फोन आला. "आरं, तुझं घर डोळे कामून मिचकावायलंय?" मजला हसला. काका दारात नीट उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "दिसलो का?" पलीकडून आवाज आला, "दिसलास. आता हलू नकोस."

पाटी त्यांनी टाकली नाही. पितळेला दोन बाजू असतात, म्हणाले. नवा पत्ता मागच्या बाजूला कोरला आणि जुना दाराकडे ठेवला.

पुढे माझाच अकरा महिन्यांचा करार संपला आणि मी वाकडला आलो. सामान खाली जात असताना काकांनी माझ्या नव्या दाराची रुंदी विचारली आणि कॅमेऱ्याच्या पत्ता-पासवर्डचा कागद हातात दिला. "कुठंबी जावा, आमी इथंच दिसू." कधी कधी संध्याकाळी सहाला मी मोबाइल उघडतो. काका दारात येतात, सदरा सारखा करतात आणि हात वर करतात. तो हात माझ्यासाठी नसतो हे मला ठाऊक आहे. तरी मी माझा वर करतो.