बशीतले जंतू

अख्ख्या नगर जिल्ह्यात जंतूंची इतकी कड घेणारा माणूस आमच्या दाजींखेरीज दुसरा नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि घरातही दुसरं काही बोलले नाहीत. बारशाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून सांगायचे, "प्रयोगशाळेच्या बशीत जंतू सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा असतो. आयतं खातो, लोळतो. अंगात शिरला की उपाशी पडतो. शरीर त्याला लोहसुद्धा मिळू देत नाही. मग तो बशीत कधी न केलेली प्रथिनं तयार करतो. लोह ओढणारी, मांसाला चिकटणारी, औषध बाहेर फेकणारी. जंतू तोच, वागणं निराळं." तोवर सगळ्यांचं वरण गार. राळेगणकडचा माझा मामा एकदा गाईच्या सडाला लावायच्या मलमाचं कौतुक करायला गेला, जंतू लगेच मरतात म्हणून. दाजींनी त्याला दारातच अडवलं, "कुठं मरतात? बशीत की गाईत?" या एका प्रश्नावर त्यांनी तोंडी परीक्षेत किती पोरं नापास केली, देव जाणे. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही तो पाठ होता.

आणि याच माणसानं माती खाल्ली. ताईला शुगर. टाचेला जखम झाली, चिघळली. भिंगारचे डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या. दाजींनी जखमेतला पू कॉलेजात नेला, बशीत जंतू वाढवले, त्यावर औषधाची चकती ठेवली आणि ती बशी उजेडात धरून आम्हाला दाखवली. चकतीभोवतीचे जंतू साफ मेलेले. "हेच औषध चालू ठेवायचं. पुण्याची गरज नाही." आम्ही चौघं तिथं उभे होतो. त्यांचाच प्रश्न प्रत्येकाच्या जिभेवर होता. एकानंही विचारला नाही. घरचा जावई, त्यात प्रोफेसर. मीही गप्प बसलो, शेळपट. आठ दिवस तेच औषध चाललं. नवव्या दिवशी पुण्यात ताईचा पाय गुडघ्याखाली कापला.

महिन्यानं मी भांडायच्या तयारीनंच भिंगारला ताईच्या घरी गेलो. दाजी दूध आणायला गेले होते. ताई म्हणाली, त्यांना काय बोलू नकोस, जंतूंचं नावसुदिक काढत न्हाईत आता. मी म्हणालो, उपकारच झाले. तर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "गेलेला पाय दुखतोय म्हनलं, तर गादीवर तिथं, मोकळ्या जागेवर, दाबत बसत्यात. खरंच बरं वाटतं रे."

तेवढ्यात दाजी आले. मला बघून दारातच थांबले. मी त्यांच्या हातातली दुधाची पिशवी घेतली आणि चहा ठेवला. भांडायचं अजून राहिलंय.