वहिनीने घातलेली गादी

आमच्या वहिनीचा आवाज म्हणजे भोंगाच. उधन्याला घराशेजारी कापडाच्या लूमचा खडखडाट, त्यावरून हाका मारून मारून तिला सवयच तशी लागलेली. दादा म्हणायचा, "हळू बोल." ती म्हणायची, "हळू बोलणारीची भाजी करपते!" आता याचा त्याचा काय संबंध? पण आम्ही पोट धरून हसायचो.

तिचं दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या. मी सोबत होते. "हे हार्मोन गर्भपिशवीचं अस्तर टिकवतं, त्यात बाळ रुजतं. अंगावरून जरासं जरी गेलं तरी लगेच यायचं," असं त्यांनी बजावलं. वहिनीने ते आपल्या भाषेत करून टाकलं. गोळी गिळली की पोटावर हात ठेवून म्हणायची, "घे राजा, गादी घातली तुझी. लोळ आता खुशाल." माय वं, काय हसू असायचं चेहऱ्यावर!

श्रावणात कानबाई आली. आम्हा खानदेशी माणसांचा हा मोठा सण. गावाकडचे भाऊबंद जमलेले, आणि सोवळं इतकं कडक की पाळीतल्या बाईने देवीच्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. त्याच सकाळी वहिनीला रक्ताचा डाग दिसला. विटाळ झाला म्हणतील, सासूचा सण मोडेल, म्हणून ती बोललीच नाही. एवढी तोंडाळ बाई, आणि एक शब्द नाही! तिने नैवेद्याचे रोट केले, गाणी म्हटली, दुसऱ्या दिवशी कानबाई डोक्यावर घेऊन विसर्जनालाही गेली. घरी आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "रिक्षा बोलाव गं. कालपासून जातंय."

मूल गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काल आली असतीस तरी वाचलं असतंच, असं सांगता येत नाही." त्या 'सांगता येत नाही'ने तिला पार पोखरलं.

आई तिच्या उशाशी बसून रडली. "अगं, मला सांगायचंस ना! मीच कानबाईपुढे हात जोडले असते, आधी सुनेला दवाखान्यात नेऊन येते म्हणून."

वहिनी भिंतीकडे बघत म्हणाली, "हे तुम्ही आधी सांगायचं होतं, आई."

पुढे दादाने धुळ्याला काम धरलं आणि वहिनीला घेऊन तिकडेच राहिला. आता दर श्रावणात रोटाचे गहू निवडण्याआधी आई सगळ्या लेकीसुनांना बसवून सांगते, "काही दिसलं-दुखलं तर बोला गं बायांनो. देवी थांबते." वहिनी मात्र त्यानंतर कानबाईला कधीच आली नाही. आईनेही बोलवायचं सोडलं. कुठल्या तोंडाने बोलावणार?