नंतर काय वाटतं?

मॅडमवर मी लिहावं का, हे अजून कळत नाही. त्यांचे कितीतरी हुशार विद्यार्थी आहेत. मी तर घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच; चुकलंमाकलं तर माफ करा. त्यांना जाऊन महिना होईल, आणि रोज काहीतरी त्यांना सांगावंसं वाटतं...

नाशिकच्या कॉलेजात त्या आम्हाला तत्त्वज्ञान शिकवायच्या. प्रकल्पात मी युरोपातल्या मठवासी ख्रिस्ती स्त्रियांवर लिहिलं. प्रार्थनेत त्यांचं भान हरपायचं, त्याला मी 'साक्षात्कार' म्हटलं. आपल्याकडच्या अंगात येण्याला दोनच ओळी दिल्या : अज्ञान, अंधश्रद्धा. मॅडमनी वही मिटली. "तू वणीकडचा ना? घरी कुणाच्या अंगात येतं?"

"आईच्या," मी खाली बघत म्हणालो.

"मग आईला दोन ओळींत उरकलंस होय रे! इंग्रजीतलं तेवढं देवाचं?"

मग त्या स्वतःबद्दल बोलल्या. त्यांचं घर ख्रिस्ती. देव हळू आवाजात बोलतो, असंच लहानपणापासून शिकवलेलं. चैत्रात देवीच्या गडावर ढोल वाजवत पायी जाणारे लोक घरावरून जायचे, तेव्हा वडील खिडक्या लावून घ्यायचे. "मी फटीला कान लावायचे. भीती वाटायची, आणि ढोल थांबू नये असंही वाटायचं. अजून वाटतं..." वही माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "आईला एक विचारशील? नंतर काय वाटतं? पुस्तकातल्या बायकांनी लिहून ठेवलंय. तुझ्या आईला कुणी विचारलंच नसेल."

खरंच, मीही विचारलं नव्हतं. आई केस मोकळे सोडून घुमायला लागली की मी गोठ्यामागे लपायचो. दोन सुट्ट्या तशाच गेल्या. मॅडम निवृत्त झाल्या. फोनवर "विचारलंस का?" म्हणायच्या, मी "पुढच्या खेपेला" म्हणायचो.

यंदा आई भाकरी थापत असताना विचारलं. ती हसली. "कालेजात हेच शिकवतेत काय?" मग तिचे हात थांबले. "तहान लागते. लय. आन् मंग चार दिस कोनाचा राग येत नाय बघ. तुझ्या बापाचासुदिक." भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मॅडमला घेऊन ये की. हासू नको म्हनावं, बस."

मी तिथूनच फोन लावला. मॅडमच्या धाकट्या बहिणीने उचलला. मॅडमना आईचा निरोप आहे, म्हणालो, आणि आनंदाच्या भरात तहानेचं, राग न येण्याचं सांगतच सुटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई गेली रे बाळा," त्या म्हणाल्या. "शुक्रवारीच दफनविधी झाला."