सावकाश जेवणाचा संशय

आमच्या ऑफिसात सगळे एक हात माउसवर ठेवूनच जेवतात. परवा शेजारच्या टेबलावरच्या शिंदेबाईंनी मात्र चक्क कॉम्प्युटर बंद केला. डब्यातल्या भाकरीचा पापुद्रा हलकेच सोडवला, त्यात भरलं वांगं घेतलं आणि डोळे मिटून चावत बसल्या.

"बाईंनी राजीनामा दिलेला दिसतोय," जोशी माझ्या कानाशी पुटपुटला.

मलाही तेच वाटलं. इतकं निवांत जेवायचं म्हणजे माणसाला दुसरी नोकरी तरी लागलेली असणार, नाहीतर डॉक्टरांनी काहीतरी सांगितलेलं असणार. न राहवून मी विचारलं, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

"हो. भूक लागलीय," त्या म्हणाल्या.

उत्तर इतकं सरळ होतं की माझा संशय वाढलाच. भूक लागली म्हणून आमच्यात कोण जेवतं? आम्ही जेवण उरकतो, आणि जो उरकतो तोच आम्हाला प्रामाणिक वाटतो.

आज मी माउस बाजूला सरकवला. डब्यातल्या नेहमीच्या भेंडीत आमसूल असतं, हे जिभेला आजच कळलं. दुसरा घास तोंडात घोळवत होतो, तेवढ्यात जोशी खुर्ची ओढत जवळ आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "तू कधी सोडतोयस?"