गोळी सकाळीच घेतली आहे

मालकांनी माझा दाखला वाचायला चष्मा लावला. मला वाटलं, मनातल्या मनात वाचतील. त्यांनी मोठ्यानं वाचला.

नारायण पेठेतला पुस्तकबांधणीचा कारखाना होता तो. नाव कारखाना, पण खरं तर एक लांब खोली. खाली चटयांवर आम्ही सहा बायका, कोपऱ्यात कागद कापायचं मशीन, भिंतीला कपाट, दाराशी मालकांचं टेबल. दीड महिन्यानं मी कामावर परत आले होते. इतके दिवस कुठे होतात, कागद आणा, असं मालकांनीच सांगितलं होतं. मी सरकारी दवाखान्याचा कागद आणला. कावीळ झाली होती असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. काविळीला कुणी कागद मागत नाही. पण मी खरा कागद दिला.

"मानसिक आजारासाठी उपचार चालू. कामावर जाण्यास हरकत नाही." मालक थांबले. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "आपण मनाची विश्रांती घेत होतात तर. मजा आहे. आमच्याकडे मनाला सुट्टी नसते हो."

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. मशीन बंद झालं, कारण मशीनवरच्या माणसालाही ऐकायचं होतं.

"दाभण इकडे द्या," मालक म्हणाले.

मला कळलं नाही.

"दाभण, सुरी, कात्री. सगळं टेबलावर ठेवा. उद्या कुणाच्या पोटात खुपसलंत तर पोलिसांना मी काय सांगू? मनाला विचारा म्हणून?"

मी ठेवलं. दाभण माझ्या वडिलांचं होतं. ते जुन्या पुण्यातले बांधणीकार. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी माझ्या हातात ते दिलं, कागदाला भोक पाडायचं, धागा ओवायचा, पाठ शिवायची, सगळं शिकवलं. मालकांनी ते कपाटात टाकलं आणि किल्ली फिरवली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तोच तर माझा आजार होता. काहीच वाटत नव्हतं.

लोक विचारतात, काय झालं होतं? काही झालं नव्हतं. कुणी मेलं नव्हतं. नवरा मारत नव्हता, उलट तो गरीब स्वभावाचा, खडकी बाजारात लष्करातल्या लोकांच्या वर्द्या शिवतो. एक मुलगी, सात वर्षांची. घरात खायला होतं. पण हळूहळू सगळं फिकं होत गेलं. भाजीत मीठ आहे की नाही ते कळेना. अंघोळीला पाणी काढायचे आणि बादलीकडे बघत बसायचे, पाणी गार होईपर्यंत. एकदा शेजारणीनं माझ्या मुलीचे केस कापून टाकले, अगदी बारीक. "काय करू, जटा झाल्या होत्या," ती म्हणाली. तीन आठवडे मी पोरीची वेणी घातली नव्हती. माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर ती पोर तशी फिरत होती. मी बघत होते. दिसत नव्हतं.

मग एक दिवस कामावर जाण्यासाठी उठलेच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सासूनं बाहेरची बाधा आहे म्हणून गळ्यात ताईत बांधला. तिनं प्रेमानं बांधला, तिला दोष नाही. पाणी फुंकून आणलं, ते मी प्यायले. काही फरक पडला नाही. वर्दी शिवायला आलेल्या एका जवानानं नवऱ्याला सांगितलं, मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात, आमच्यातलीही माणसं त्यांच्याकडे जातात. नवऱ्यानं दुकान बंद ठेवून मला दवाखान्यात नेलं, सासूही बरोबर आली. डॉक्टरीण लहान होती, माझ्यापेक्षा लहान. तिनं नाडी बघितली नाही. विचारलं, "शेवटचं हसला होतात कधी?" मला आठवेना. मला रडू यावं म्हणून मी वाट बघितली. तेही आलं नाही.

"हा आजार आहे," ती म्हणाली. "आळस नाही, बाधा नाही. औषधानं बरं वाटतं. वेळ लागेल. गोळ्या बंद करायच्या नाहीत."

घरी येताना रिक्षात सासू एवढंच म्हणाली, "किसीको बोलना मत."

मी कुणाला बोलले नाही. बोलला तो कागद. आणि कागद वाचला मालकांनी.

त्या दिवसापासून माझं काम बदललं. सकाळी आले की खळ शिजवायची. खळ म्हणजे मैद्याची चिकट लापशी, पुठ्ठ्याला कागद चिकटवायला लागते. पातेलं ढवळायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. मग खाली पडलेलं कातरण झाडायचं. मग चहा. पगार तेवढाच दिला, हे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

माझ्या शेजारी शालन बसायची. अकरा वर्षं शेजारी. तिनं चटई ओढून खिडकीकडे नेली. दुपारी डबे उघडायच्या वेळी बायका गोल करून बसत. माझ्या डब्यातलं आधीही दोघी-तिघी खात नव्हत्या. मुसलमानाचं म्हणून. ते मी कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं, निदान गोलात तरी जागा होती. आता गोलातही जागा नव्हती. मी खळीच्या पातेल्याजवळ बसून जेवायचे. माझ्या हातात नुसता चमचा असला तरी मशीनवाला अंतर ठेवून जायचा. पातेलं पुसताना मी गुणगुणले तर म्हणे बडबडते. गप्प राहिले तर म्हणे बघा, परत सुरू झालं. मी काहीही केलं तरी ते त्या कागदात बसायचं.

असे पाच महिने. मी गोळ्या घेत होते. मिठाची चव परत आली. पोरीचे केस वाढले, दोन छोट्या वेण्या घालण्याइतके. पण आत सगळं मुक्यासारखंच होतं. अपमानही लागत नव्हता. भूल दिलेल्या हिरडीवर बोट फिरवावं, तसं.

आणि मग ते पुस्तक आलं.

मालकांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, पेठेतल्या बायकांच्या एका मंडळात होत्या. मंडळानं मानसिक आरोग्याची जागृती करायचं ठरवलं होतं. मोठा कार्यक्रम, मोठे डॉक्टर, आणि प्रत्येकाच्या हातात एक छोटं पुस्तक. पुस्तकाची बांधणी मालकांनी फुकट करून द्यायची, मागच्या पानावर त्यांचे आभार. घाई होती. फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घड्या घालायला माणसं कमी पडली. मालक म्हणाले, "यांनाही बसवा. घडीला दाभण लागत नाही."

मी बसले. घडी, घडीवर पट्टी दाबायची, परत घडी. हाताला काम आठवत होतं. वाचायची परवानगी नव्हती, पण मी महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेय, डोळ्यांना कसं थांबवणार? अकराव्या पानावर मोठ्या अक्षरात होतं: आजारी माणसाला त्याच्या कामापासून तोडू नका. खाली लहान अक्षरात: त्याच्या आजाराबद्दल त्याला न विचारता चारचौघांत बोलू नका.

वाचलं. पुढचा कागद घेतला. तेच पान. पुढचा. तेच पान. दिवसभर तेच पान माझ्या हाताखालून गेलं. मालक टेबलाशी बसून फोनवर सांगत होते, "हो हो, समाजासाठी करायलाच हवं."

दुपारी कधीतरी माझे हात थांबले. छातीत काहीतरी गरम झालं. मला आधी वाटलं, ॲसिडिटी. मग ओळखू आलं. राग होता.

इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. हसू नाही, रडू नाही. राग. मी कागद खाली ठेवून दोन मिनिटं नुसती बसले, तो जाऊ नये म्हणून.

रविवारी सकाळी कार्यक्रम होता. वहिनींनी आदल्या दिवशी सांगितलं, "तुम्हीही या हं. चांगली साडी नेसून या. मिस्टरांनाही आणा." कशासाठी ते सांगितलं नाही. मला वाटलं, सगळ्या बायकांना बोलावलंय. हॉलमध्ये बघितलं तर कारखान्यातली आणखी एकच होती, शालन. खुर्च्या लावायला आली होती ती.

दिवा लागला. ईशस्तवन झालं. डॉक्टर चांगलं बोलले, सोपं बोलले. मग मालक उभे राहिले.

"आमच्याही कारखान्यात अशी एक भगिनी आहे," ते म्हणाले. "घरची परिस्थिती बेताची. मुस्लिम समाज, म्हणजे जागृती कमी. डोक्यावर परिणाम झाला. लोक म्हणाले, काढून टाका. मी म्हटलं, नाही. आम्ही तिला सांभाळलं. आज ती तुमच्यासमोर आहे. या बाई, वर या."

टाळ्या. सगळे मागे वळून बघायला लागले. वहिनींच्या हातात ताट होतं, त्यात नारळ आणि ब्लाउजपीस. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

मी उठले. स्टेजकडे गेले नाही. खुर्चीच्या पाठीला धरून तिथेच उभी राहिले.

"मी इथूनच बोलते," मी म्हटलं.

आवाज बारीक आला. परत म्हटलं.

"मालक, तुम्ही मला सांभाळलं नाही. पाच महिने मी खळ ढवळतेय. माझं दाभण तुमच्या कपाटात आहे. माझा दाखला तुम्ही सगळ्यांसमोर वाचलात आणि सगळ्यांना हसवलंत. आज परत तेच केलंत, फक्त आज टाळ्या वाजल्या. सगळ्यांच्या हातात पुस्तक आहे. अकरावं पान उघडा. त्या पानाच्या घड्या मी घातल्यात."

मंडळाच्या एक बाई माइकवरून म्हणाल्या, "आपण कार्यक्रमानंतर बोलू या हं, ताई. बसा आता."

आणि पुढच्या रांगेतून, हळू, पण मला ऐकू जाईल इतकं, कुणीतरी म्हणालं, "आज गोळी चुकली वाटतं."

"गोळी सकाळीच घेतली आहे," मी म्हटलं. "रोज घेते. गोळी घेते म्हणून तर बोलता येतंय."

मी नवऱ्याचा हात धरला आणि बाहेर पडले. मागे पानं उलटल्याचा आवाज येत होता. बरीच पानं.

आम्ही मंडईपर्यंत चालत गेलो. मंडईत नवऱ्यानं पोरीसाठी पेरू घेतले, निवडून, एकेक दाबून बघत. मग म्हणाला, "एवढ्या लोकांत बोलायला पाहिजे होतं का?"

"त्यांनी एवढ्या लोकांत सांगितलं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. पटलं म्हणून नाही. ऐकलं म्हणून.

सोमवारी मी कामावर गेले. मालकांनी वर बघितलं नाही. कपाट उघडलं, दाभण टेबलाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, "आपल्यासारख्या विद्वानांना आमची जागा लहान पडते." काम गेलं. पुस्तक मात्र पेठेत वाटलं गेलं. अकराव्या पानासकट.

इथे एखादीनं लिहिलं असतं की मग सगळं चांगलं झालं. तसं झालं नाही. चार महिने काम मिळालं नाही. पेठेतल्या दोन कारखान्यांत माझं नाव आधीच पोचलं होतं, ती स्टेजवर ओरडणारी बाई. मी ओरडले नव्हते. पुढे घरीच बसून दुकानांच्या वह्या, रजिस्टरं बांधायला लागले. मधे एकदा आजार परत आला. बादलीसमोर परत बसले. पण या वेळी मला माहीत होतं, हे काय आहे. पोरीलाही माहीत होतं. तिनंच वडिलांना सांगितलं, "अम्मीला डॉक्टरांकडे न्यायची वेळ झाली."

त्याच वर्षी एका दुपारी शालन माझ्या दारात आली. बसली नाही. उंबऱ्यावर उभी राहूनच म्हणाली, "भाभी, माझी धाकटी. तीन महिने झाले. न्हात नाही, बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते. आम्ही देवऋषी केला, सगळं केलं."

मला तिची खिडकीकडे ओढलेली चटई आठवली. ती म्हणाली, "मी चुकले होते." मी, जाऊ दे, असं म्हटलं नाही. तेवढं खोटं मला जमलं नाही. म्हटलं, "उद्या आठला दवाखान्याच्या फाटकाशी ये. तिला घेऊन ये. मी रांग लावते."

शालनची मुलगी बरी झाली. पूर्ण नाही, पण उठून वेणी घालायला लागली, कॉलेजला जायला लागली. मग शालननंच मला तिच्या वस्तीतल्या विहारात बोलवलं. वीसेक बायका. माझ्याकडे पुस्तक नव्हतं, दिवा नव्हता. मी उभं राहून सांगितलं, मला हा आजार आहे, असा असा होतो, इथे औषध मिळतं. बस. जाताना तिघींनी मला वेगवेगळं गाठून दवाखान्याचे वार विचारले. पुढे आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांत बोलले. तिथे जास्त जड गेलं. आपल्या माणसांत जास्त जड जातं. एक बाई उठून गेली. दुसरीनं माझ्या सासूला जाऊन सांगितलं, सुनेला आवरा.

सासूनं मला आवरलं नाही. अशी बरीच वर्षं गेली, आणि मग तिनं एक प्रश्न विचारला. तो खरा होता. "मुलगी लग्नाची झालीय. तू गावभर सांगत सुटलीस, तर तिला कोण करणार?"

मी मुलीला विचारलं. बाकी कुणी माझ्याबद्दल मला न विचारता ठरवलं होतं, मी तिच्याबद्दल तसं करणार नव्हते. ती बी.कॉम. झालेली, एका दुकानात हिशेब बघते. ती म्हणाली, "लपवून केलं, तर पुढे मला तिथे आयुष्यभर लपवावं लागेल. तू आधीच सांग."

गेल्या महिन्यात पहिलं स्थळ आलं. चांगले लोक, कोंढव्याचे. मुलगा बँकेत. चहा दिला, बसले आणि सांगितलं. मला असा आजार आहे. औषध चालू आहे. दोनदा पडले, दोनदा उठले. तिसऱ्यांदा पडू शकते. मुलाच्या आईनं कप बशीत ठेवला. अर्धा भरलेला. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

त्या संध्याकाळी मुलगी आत जाऊन रडली. मी तिच्याजवळ बसले. मी तिची समजूत काढली नाही. तिला दुखलं होतं, ते दुखणं खरं होतं. सासू स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता तरी गप्प बस." नवरा घरी आणलेलं काम शिवत होता, त्यानं शिलाई मशीन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि परत पायडल मारायला लागला.

दुसरं स्थळ येईल. न आलं तर न येईल. आलं, तर मी परत सांगणार. चहाच्या आधी सांगणार, म्हणजे कप तरी वाया जायचा नाही. माझ्या आजाराचं नाव आता दुसऱ्या कुणी मोठ्यानं वाचणार नाही. ते मी वाचणार.